सीपी असलेला मुलगा : ठसका लागत नाही, पण पाणी प्यायला की आवाज ओला होतो

शिवाजीपेठेतली_आई

मुलगा साडेचार वर्षांचा. सातव्या महिन्यात झाला, सेरेब्रल पाल्सी (सीपी, मेंदूला इजा होऊन हालचालींवर ताबा नसणं) आहे, मान अजून धरत नाही. वजन साडेनऊ किलो. वर्षभर काटा हललेला नाही. एकेक जेवण भरवायला तास जातो. दिवाळीपासून दोनदा न्यूमोनियाने ॲडमिट केलं. दोन्ही वेळा औषधं देऊन घरी सोडलं, तो जेवतो कसा हे कुणी विचारलं नाही.

मऊ भात बरा जातो. दूध किंवा पाणी प्यायला की डोळे पाणावतात आणि आवाज घशात गुळणी धरल्यासारखा येतो. ठसका म्हणाल तर क्वचितच. सासूबाई त्याला मांडीवर आडवा घेऊन बोंडल्याने दूध पाजतात. मामंजी रोज संध्याकाळी गंगावेशीतून म्हशीचं धारोष्ण दूध आणतात, नातवाच्या अंगाला लागावं म्हणून. त्यांची माया मी रोज बघते. थांबा म्हणायचं तर माझ्याकडे कारण हवं.

आता नव्या डॉक्टरांनी पोटाला नळी बसवायचं सुचवलंय. तेव्हापासून घरात कुणाच्या घशाखाली घास उतरत नाही. नळी म्हणजे त्याचं तोंडाने खाणं कायमचं बंद का?

स्पीच_थेरपिस्ट_सांगली

ताई, ठसका लागत नाही हीच काळजीची गोष्ट आहे. गिळताना स्वरयंत्र वर उचललं जातं आणि श्वासनलिकेचं तोंड झाकतं. सीपीमध्ये ही वेळ चुकते. पाणी सगळ्यात वेगाने धावतं, झाकण पडायच्या आत श्वासनलिकेत उतरतं. वारंवार असं झालं की काही मुलांना खोकलाच येत नाही. ओला आवाज, पाणावलेले डोळे, पुन्हा पुन्हा न्यूमोनिया, अर्ध्या तासापेक्षा लांबणारं जेवण, या सगळ्या खुणा तुम्हीच लिहिल्या आहेत.

बोंडलं आजपासून बंद करा. आडवं मूल आणि पातळ दूध, याहून धोक्याची जोडी नाही. पाठ, मान, पावलं टेकवून ताठ बसवा, हनुवटी किंचित खाली. जेवणानंतर अर्धा तास तसंच बसू द्या. दूध-भाकरी कुस्करून देत असाल तर तीही नको. पातळ आणि तुकडे एकाच घासात सांभाळणं फार अवघड असतं.

डॉक्टरांना व्हिडिओफ्लुरोस्कोपीबद्दल विचारा. बेरियम मिसळलेले घास देऊन एक्स-रेवर गिळणं चालू असतानाच बघतात. किती घट्ट द्यायचं ते त्यावर ठरतं, अंदाजाने नाही. घरी मोजायला 10 मिलीची सिरिंज, सुई आणि दट्ट्या काढलेली. टोकावर बोट धरून भरा, बोट सोडा, 10 सेकंदांनी किती उरलं बघा. 1 मिलीच्या आत उरलं तर पातळ, 4 ते 8 उरलं तर सौम्य दाट. नाचणीचं सत्त्व लावून दाट केलंत तर उष्टा चमचा वाटीत बुडवू नका, लाळेने पेज पुन्हा पाणचट होते. आणि धारोष्ण दूध कितीही ताजं असलं तरी उकळूनच.

इचलकरंजीची_मावशी

माझ्या मुलीला नळी बसवून तीन वर्षं झाली. आधी मी महिनाभर रडले. आता पोटाचं नळीतून जातं आणि चवीला ती गुळाचा पाक जिभेवर घेते, थेरपिस्टने परवानगी दिलीय तेवढाच. औषधं चुकत नाहीत, जेवण म्हणजे मारामारी राहिली नाही. पण लाळ श्वासनलिकेत जाऊ शकतेच, म्हणून दात-हिरड्या दोन वेळा साफ करते. हे मला उशिरा कळलं.

ताठ बसवायची खुर्ची विकत घेऊ नका, सुताराकडून प्लायची कोपऱ्याची बनवून घ्या. आणि निरामय विमा काढलाय का? नॅशनल ट्रस्टचा आहे, सीपीला मिळतो, वर्षाला 1 लाखापर्यंत, थेरपीचाही काही खर्च निघतो.

शिवाजीपेठेतली_आई (दोन महिन्यांनी)

पुण्याला जाऊन तपासणी केली. मामंजींना मुद्दाम सोबत नेलं. पाण्याचा पहिलाच चमचा. पडद्यावर काळी रेघ श्वासनलिकेत उतरली आणि पोरगं खोकलंसुद्धा नाही. मामंजी परतीच्या गाडीत कराडपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. मग म्हणाले, "सूनबाई, आपल्याच हातनं पाजत होतो की गं."

दूध अजून गंगावेशीतूनच येतं. मामंजी स्वतः उकळतात, नाचणीचं सत्त्व शिजवतात आणि सिरिंज धरून दहापर्यंत मोजतात. सहा मिलीला थांबलं की मगच वाटी खुर्चीपाशी येते. सासूबाईंनी बोंडलं धुऊन कपाटात ठेवलं, एकाही शब्दाने वाद न घालता. तेव्हापासून ताप नाही. वजन नऊ किलो नऊशे. पण तेवढ्याने भागत नाही हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, नळीची तारीख घेतली आहे. मावशी, त्या दिवशी तुम्हाला फोन केला तर चालेल का?

एक राहिलं. फिटचं औषध सिरप आहे, पाण्यासारखं पातळ. ते कसं द्यायचं?

स्पीच_थेरपिस्ट_सांगली

मनाने पेजेत मिसळू नका, डोस वाटीत राहून जातो. काही औषधं दाट पदार्थात नीट उतरतही नाहीत. लिहून देणाऱ्या डॉक्टरांना उद्याच विचारा, दुसऱ्या रूपात मिळतं का बघतील.

इचलकरंजीची_मावशी

फोन कशाला, मीच येते. कुठला दवाखाना ते इनबॉक्समध्ये सांग.