मदत हवी आहे: आजोबांची पत्रं आणि त्यातली स्वरलिपी

नमस्कार मंडळी. माझे आजोबा गवई, नागपुरातच कॉलेजात संगीत शिकवायचे. महालातलं घर आवरताना त्यांची पत्र्याची ट्रंक निघाली. आत गुरुबंधूंची शंभरेक पोस्टकार्डं! खुशाली दोन ओळींत, बाकी सगळी जागा बंदिशींना. एका कार्डावर तर पत्त्याच्या कडेनंही अंतरा लिहिलाय. शाई पार तपकिरी झालीये.

अडचण वाचण्याची आहे. काही पत्रांत स्वर लिहिण्याची भातखंडे पद्धत, काहींत पलुस्कर. भातखंड्यांच्या लिपीत स्वरावरचं टिंब म्हणजे तार, म्हणजे वरचं सप्तक; पलुस्करांच्या लिपीत तेच टिंब मंद्राचं, म्हणजे खालच्या सप्तकाचं. एक अख्खी बंदिश मी चुकीच्या सप्तकात उतरवली होती. आईनं गुणगुणून पाहिली तेव्हा कळलं.

दोन्ही लिप्या नीट वाचणारं कुणी बर्डी-धरमपेठ भागात आहे का? ट्रंक घेऊन मी स्वतः येईन, वेळ तुम्ही सांगाल ती.

आणि एक. घरात कूलर लागला की कागद सर्द होतात. लॅमिनेशन करून घ्या म्हणतात, पण एकदा केलं की ते निघत नाही, म्हणून मी नाही म्हटलं. स्कॅन होईपर्यंत ही कार्डं कशात ठेवू? कुणी आपल्या घरातली पत्रं अशी जपली असतील तर कृपया सांगा.