'व्हिन्चेंझो'चा खलनायक लेखकाने वाया घालवलाय का?

निवांत_निशा
(रसभंग होणार आहे. वीसही भाग पाहिले नसतील तर इथूनच मागे फिरा.)
२०२१ची ही कोरियन मालिका परवा दुसऱ्यांदा संपवली. पहिल्या वेळी चौथ्या भागाच्या शेवटी वकिलांच्या फर्ममधला तो वेंधळा इंटर्न जांग जुन-ऊ हाच बाबेल ग्रुपचा खरा मालक निघाला, तेव्हा उडालेच होते. या वेळी वाटलं, मुखवटा काढला आणि आत काही ठेवलंच नाही. ओरडतो, माणसं मारतो, हॉकीच्या नावाखाली धाकट्या भावाला बडवतो, पुन्हा ओरडतो. असा का? तर मुळातच असा. झालं!
उलट छोई म्योंग-ही. आधी सरकारी वकील, मग कंपनीची. घामाने चिंब होऊन झुंबा करते आणि तितक्याच सहज कुणाला तरी संपवायला सांगते. मला ती नाचताना जास्त भीती वाटते. मुख्य खलनायिका तीच हवी होती.

तिरकस
साफ असहमत. नायक कोण आहे ते विसरलात का? व्हिन्चेंझो, माफियाचा कॉन्सिल्येरे, म्हणजे टोळीच्या म्होरक्याचा सल्लागार. शेवटी तो छोईबाईंना जिवंत जाळतो आणि जांगच्या छातीत यंत्राने इंच इंच सळई घुसवतो. त्याआधी जांगचं दुःखी बालपण दाखवलं असतं तर हे बघवलं असतं? नायक एवढा काळा, म्हणून खलनायक डांबरासारखा.

चहाबाज
'सीक्रेट फॉरेस्ट' (२०१७) बघा. त्यातला सरकारी वकील ली चांग-जुन सोळा भाग कळत नाही, आणि कळतो तेव्हा पोटात खड्डा पडतो. गंमत म्हणजे तो करणारा यू जे-म्योंगच इथे चौथ्या भागात मरणारा वकील होंग.

तिरकस
@चहाबाज, पण मग तो खलनायक राहतो का? अर्धे प्रेक्षक त्याला सलाम ठोकतात.

कोपऱ्यातला
कोरियाचा संदर्भ सोडून बोलताय. सॅमसंगच्या ली कुन-हींना २००९ साली माफी, मुलगा ली जे-योंगला २०२२ साली. कोर्ट शिक्षा सुनावतं, सरकार माफ करतं. असल्या देशातल्या प्रेक्षकाला उद्योगपती समजून घ्यायचा नसतो, त्याला ठोकलेला बघायचा असतो.

निवांत_निशा
@कोपऱ्यातला, अहो, तुम्ही माझीच बाजू मांडलीत! माफी मिळवणारे मालक काय वेडे असतात? चांगले शुद्धीवर असतात, हिशेब करून वागतात. जांगला मनोरुग्ण ठरवला की सगळा दोष त्याच्या डोक्याचा. बाबेल, ती वकिलांची फर्म, विकलेले सरकारी वकील सगळे नामानिराळे.

तिरकस
नामानिराळे कसले? वीस भाग व्हिन्चेंझो त्यांनाच तर धुतोय. बाकी हे मान्य, की दहाव्या भागानंतर जांग नुसता डोळे वटारतो.

चहाबाज
जांगच्या धाकट्या भावाबद्दल, हान-सोबद्दल कुणीच कसं बोलत नाही? आधी भावाच्या जागी खुर्चीत बसवलेला बाहुला, शेवटी व्हिन्चेंझोला वाचवताना त्याच भावाच्या गोळीने मरतो. बदलतो तो एकटाच.

निवांत_निशा
हान-सोवर वेगळा धागा काढा, मी रडायला येते. जांगचं म्हणाल तर मी एकच बदल केला असता: नायिका होंग छा-योंगच्या मागेपुढे करणारा तो इंटर्न आम्हाला आणखी चार-पाच भाग खराच वाटू द्यायचा.

तिरकस
आणि तोवर बाबेल कोण चालवणार? तुमच्या झुंबाबाई?

निवांत_निशा
हो!