विषय: सिंगापुरात पोराबाळांसकट हॉस्टेल, कुणी राहिलंय का?

मंडळी नमस्कार,

दिवाळीनंतर दादा-वहिनी, त्यांची दोन पोरं (८ आणि २ वर्षं) आणि आई कोल्हापूरहून पहिल्यांदाच इकडं येतायत. आमची एचडीबीत, म्हणजे इथल्या सरकारी फ्लॅटमध्ये, एकच रूम भाड्यानं आहे आणि घरमालकाला पाहुणे मुक्कामाला चालत नाहीत. हॉटेलचे रेट बघून दादा म्हणाला राहू दे, पुढच्या वर्षी बघू, ते मला फार लागलं. हॉस्टेलात लहान पोरं आणि वयस्कर माणूस घेऊन कुणी राहिलंय का?

---

ताई, दादांना सांगा बेत रद्द करू नका. आता कोल्हापुरातनं, राजारामपुरीतनं लिहितोय, पण गेल्या मे महिन्यात आम्हीपण असेच पाचजण तिथं होतो, आईला धरून.

पहिल्यांदा आम्ही स्वस्त दिसला म्हणून डॉर्म, म्हणजे अनोळखी लोकांबरोबरची सामायिक खोली, बुक केला. मुंबईहून रात्रभर विमान, सकाळी सामान घेऊन काउंटरवर उभं राहिलो तर म्हणे १२ वर्षांखालची मुलं डॉर्ममध्ये घेत नाही. नियम लिहिलेला होता पण पार खाली बारीक अक्षरात, पैसे परत मिळाले नाहीत, आई बॅगेवर बसलेली आणि धाकट्यानं रडून आकाशपाताळ एक केलेलं. पण दोन रात्रीत मलाच पटलं की तो नियम बरोबर आहे. तिथलं घड्याळ अडीच तास पुढं, रात्री ११ ला आपल्या पोरांचे साडेआठच वाजलेले असतात, ती कुठली झोपतायत, आणि पडद्यापलीकडं पहाटेचं विमान गाठणारा कुणीतरी झोपलेला असतो.

तेव्हा फॅमिली रूमच घ्या. दोन बंक बेड आणि स्वतःचं दार, धाकटा आईजवळ खाली झोपतो. बुकिंगच्या आधी मेल टाकून पोरांची वयं कळवा, बाथरूम खोलीत आहे का पॅसेजमध्ये ते विचारा आणि लिफ्टचं तर नक्की विचारा. लिटल इंडियात बरीच हॉस्टेलं जुन्या शॉपहाउसमध्ये, म्हणजे खाली दुकान आणि वर घर अशा इमारतींत आहेत. आमची खोली दुसऱ्या मजल्यावर, लाकडी जिना इतका उभा की आई एका हातानं कठडा आणि दुसऱ्यानं माझा खांदा धरून चढायची.

पण भाग तोच घ्या असं मी म्हणेन. टेक्का सेंटर (बाजार आणि खाण्याचे स्टॉल) चालत, १९४७ पासूनचं शाकाहारी हॉटेल कोमला विलास चालत, म्हणजे आईच्या शाकाहारी जेवणाची काळजी मिटली. नळाचं पाणी पिता येतं, बाटल्या भरून घ्यायच्या. ९० सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीच्या पोराला एमआरटीत (तिथली मेट्रो) तिकीट नाही, फक्त आत खाऊ काढू देऊ नका, दंड होतो. गार्डन्स बाय द बेला झाडांचा लाइट शो फुकट असतो, पावणेआठ आणि पावणेनऊला. आणि हो, अरायव्हल कार्ड (देशात शिरण्याआधी भरायचा फॉर्म) सरकारी साइटवर फुकट भरता येतं, पैसे मागणाऱ्या साइटवर जाऊ नका.

किचनमध्ये मायक्रोवेव्ह, किटली, टोस्टर एवढंच होतं, गॅस नाही, त्यामुळं फोडणी विसरा. आईनं कांदा-लसूण चटणी आणि भडंग नेलं होतं. पहिल्या सकाळी ब्रेडवर तेल-चटणी लावून खात होती, समोरच्या कोरियन बाई बघत होत्या, आईनं सरळ त्यांच्या पोराच्या वाटीत मूठभर भडंग घातलं. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती पण पुढं रोज नाष्ट्याला एकाच टेबलावर. जागा बघून आई पहिल्याच दिवशी म्हणाली होती, हे आपलं भक्तनिवासच की. हॉटेलात ती खोलीत टीव्ही लावून बसली असती.

---

खूप आभार हो! दादाशी बोलले, तयार झाला. लिफ्ट असलेली दोन ठिकाणं मिळालीत, वयं कळवून मेल टाकलाय. एकच विचारायचं, आठ वर्षांच्या पुतण्याला वरच्या बेडवर झोपवायचं का? तो आत्तापासनंच तिथंच झोपणार म्हणून बसलाय.

---

वर दादांनाच झोपवा. आमची थोरली पण हट्टानं वर गेली आणि पहिल्याच रात्री दोनदा शिडीवर उभी राहून पप्पा पप्पा करत होती.