अनुभव धागा: नेटवर्क कार्ड घरीच बसवलंय? कसं, ते लिहा

गडगडाटाचे दिवस आले की आपल्याकडे मदरबोर्डवरचं लॅन पोर्ट (नेटची वायर लावायची जागा) जाण्याच्या तक्रारी सुरू होतात. बाकी पीसी ठणठणीत असेल, तर वेगळं कार्ड लावून काम भागतं. तरी बऱ्याच जणांचा कॅबिनेट उघडायला हात धजत नाही. ज्यांनी स्वतः बसवलंय त्यांनी बारीकसारीक गोष्टींसकट लिहा.

म्हापसा
दुरुस्तीचंच काम करतो, म्हणून आधी विजेबद्दल. पीसी बंद केला तरी प्लग लावलेला असेल तर बोर्डाला ५ व्होल्ट स्टँडबाय मिळतच राहतो. वायर काढा, मग पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरा. बोर्डावर दिवा असेल तर तो विझल्यावरच आत हात घाला. रंग नसलेल्या पत्र्याला हात टेकवा, म्हणजे अंगातला स्टॅटिक निघून जातो. पावसाळी दमट हवेत तो कमीच साठतो, पण एसीच्या खोलीत भरवसा धरू नका. कार्ड कडांना धरायचं, सोनेरी पट्ट्यांना बोट लावायचं नाही. स्लॉटमध्ये दोन्ही बाजूंनी सारखा दाब देऊन सरळ बसवा आणि स्क्रू लावाच. नाहीतर लॅनची वायर ओढली गेली की कार्ड तिरकं होतं.

वास्को
आमचं घर समुद्राजवळ. खाऱ्या वाऱ्याने कॅबिनेटच्या मागच्या पट्टीचा स्क्रू पार गंजला होता, फिरवला की तांबडा चुरा गळायचा. तो बोर्डावर पडू नये म्हणून कॅबिनेट उभंच ठेवून पट्टी काढली, मऊ ब्रशने सगळं झाडलं आणि मगच आडवं केलं. जुनं कार्ड वापरणार असाल तर त्याच्या सोनेरी पट्ट्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पूर्ण वाळू द्या. किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी हे टाळूच नये.

साखळी
लहान एक्स-१ कार्ड लांब एक्स-१६ स्लॉटमध्येही चालतं (ही पीसीआय एक्सप्रेस स्लॉटची मापं). स्लिम कॅबिनेट असेल तर कार्डाच्या मागची आखूड पट्टी सोबत येते का, ते दुकानातच बघून घ्या.

फोंडा
कार्ड बसवण्यापेक्षा पुढच्या सेटिंगनेच माझा जास्त वेळ खाल्ला. ड्रायव्हर आधीच पेनड्राइव्हवर ठेवला होता, ते बरं झालं. कार्ड दिसलं, दिवे लागले, पण नेट नाही. आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) १६९.२५४ ने सुरू होणारा, म्हणजे पलीकडून पत्ताच मिळत नव्हता. आमच्या केबलवाल्याने जुन्या कार्डाचा मॅक पत्ता (प्रत्येक कार्डाचा स्वतःचा क्रमांक) बांधून ठेवला होता. नवा कळवल्यावर लगेच चालू झालं. तरी वेग १०० एमबीपीएसच्या पुढे जाईना. वायरीच्या टोकाला चारच तारा क्रिम्प केलेल्या होत्या, गिगाबिटला आठही लागतात. टोक नव्याने मारून घेतलं. जुनं पोर्ट अर्धवट चालत असेल तर बायोसमधून (बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमधून) बंद करा, दोन-दोन कनेक्शनचा घोळ राहत नाही.

काणकोण
वाय-फाय कार्डवाल्यांनी एक बघा: ब्लूटूथ हवं असेल तर कार्डासोबतची छोटी वायर बोर्डाच्या यूएसबी हेडरला (बोर्डावरच्या पिनांना) जोडावी लागते. म्हापशाच्या दादांना विचारायचं होतं, आता फायबर घेतलंय, तरी गडगडाटात वायर काढायची का?

म्हापसा
काढायचीच, ताई. फायबर काचेचं, त्यातून वीज येत नाही. पण मोडेमच्या अडॅप्टरमधून येते आणि तिथून पीसीपर्यंतची लॅन वायर तांब्याचीच आहे. ढग जमले की पीसीचा प्लग, अडॅप्टर आणि लॅन, तिन्ही काढून ठेवा. मात्र गडगडाट सुरू झाला असेल तर वायरींना हात लावू नका.