पडक्या गोदामांचं गाव म्हणे! विनिपेगवाल्यांनो, या जरा इकडे

उणे चाळीस
काल एका नव्या भावाने लिहिलं की आपल्या कॅनडातल्या विनिपेगमध्ये बघण्यासारखं शून्य आहे, डाउनटाउनात नुसती शंभर वर्षांची काळपट विटांची गोदामं, पाडून टाका आणि पार्किंग करा. खाली लोकांचे हसरे चेहरे. मी दोनदा लिहून पुसलं, आता नाही पुसत.

अरे बाबा, त्या भागाला एक्सचेंज डिस्ट्रिक्ट का म्हणतात? 1887 ला इथे ग्रेन एक्सचेंज, म्हणजे धान्याचा सौदेबाजार, सुरू झालं. प्रेअरीचा, म्हणजे इथल्या गवताळ मैदानांतला गहू इथून बाहेर जायचा आणि पूर्वेकडून येणारा माल, खिळे-कुलपांपासून कापडापर्यंत, इथे उतरून पश्चिमेला जायचा. ती तुझी गोदामं. 1901 ला गावात 42 हजार माणसं, 1911 ला 1 लाख 36 हजार, दहा वर्षांत तिप्पट! लोकांना वाटलं आपण दुसरं शिकागोच झालो, मग मेन स्ट्रीटवर बँकांची रांग लागली, 1904 चा युनियन बँक टॉवर, 1912 ची कॉन्फेडरेशन बिल्डिंग. ती एकदा समोरच्या फुटपाथवरून बघ, रस्ता जसा वळतो तशी आख्खी इमारत वळते. मग 1914 ला पनामा कालवा उघडला, माल बोटीने थेट पश्चिम किनाऱ्याला जायला लागला, त्यात महायुद्ध, आणि सगळी हवाच गेली. म्हणून तर हे उरलं. ज्या शहरांकडे पैसा होता त्यांनी जुनं पाडून नवं बांधलं, आपल्याकडे पाडायलाही पैसे नव्हते. गरिबीने वाचवलं.

निवांत_नाशिककर
तो भाऊ मीच. इतिहास छान सांगितलात सर, पण जानेवारीत आईला डॉक्टरकडे न्यायचं होतं, अर्धा तास घिरट्या घालून गाडी लावली ती तीन ब्लॉक लांब, उणे 28 मध्ये सत्तरीच्या बाईला चालवत नेलं. वळणदार इमारत बघायला मान वर केली असती तर घसरून पडलो असतो. मला काय करायचाय 1904?

रिमा मावशी
उणे चाळीस, तुमचं ‘गरिबीने वाचवलं’ हे अर्धंच खरं आहे हं. मी 1974 पासून इथे आहे. 1886 चा जुना सिटी हॉल, घुमट न् मनोरेवाला, लोक त्याला जिंजरब्रेड म्हणायचे, तो 1962 ला पाडलाच ना? आणि आता तिथे काय आहे ते बघा, चौकोनी डबा. तेव्हा बरे पैसे सापडले पाडायला! आणि पोर्टेज अव्हेन्यूवरचं ईटन्स? 1905 चं लाल विटांचं दुकान. माझा इथला पहिला हिवाळी कोट तिथला, मिस्टरांचा एक पगार जवळजवळ त्यात गेला. 1999 ला कंपनी बुडाली, 2002 ला पाडापाडी सुरू झाली, लोक ओरडत राहिले आणि तिथे हॉकीचं अरीना आलं. दुकानाचा संस्थापक टिमथी ईटन, त्याचा पुतळा तेवढा आत नेऊन ठेवलाय. त्याच्या बुटाचं टोक बघा, नशिबासाठी हात घासून घासून पिवळंधमक झालंय, बाकी सगळा पुतळा काळा. मी पण घासते, खोटं कशाला बोलू.

ठेचा-भाकर
मावशी, त्या अरीनामुळेच 2011 ला जेट्स, आपली हॉकी टीम, परत आले, नाहीतर संध्याकाळी सहानंतर डाउनटाउनात कुत्रं फिरत नव्हतं. आणि हेरिटेजचं कौतुक तिथे न राहणाऱ्यांनी करावं. मी दोन वर्षं अशाच एका जुन्या गोदामात भाड्याने काढली, लॉफ्ट म्हणे लॉफ्ट! उघड्या विटांची भिंत फोटोत झकास दिसते, पण फेब्रुवारीत त्या भिंतीला आतून दव धरायचं आणि पलंग खोलीच्या मधोमध ओढावा लागायचा. रात्री लाकडी तुळया कडाड वाजायच्या, बायको म्हणायची कोणीतरी वर चालतंय. मालकाला सांगितलं तर म्हणतो, दॅट्स कॅरेक्टर. कॅरेक्टरचे महिन्याला दोनशे डॉलर जास्त.

नदीकाठ
सगळे गहू आणि बँका घेऊन बसलेत. त्याआधी इथे काय होतं? मेन स्ट्रीट आणि पोर्टेज हे मेटी लोकांच्या (मूळनिवासी आणि युरोपीय अशा मिश्र वंशाच्या) बैलगाड्यांचे रस्ते, म्हणून तर 132 फूट रुंद आहेत. डाउनटाउनात रस्ते एकमेकांना तिरके का भिडतात? नदीला काटकोनात लांबच लांब पट्ट्यांची शेतं होती, त्यांच्या बांधांवर रस्ते पडले. आणि मेन स्ट्रीट सरळ करायला 1880 च्या दशकात अप्पर फोर्ट गॅरी हा किल्लाच पाडला, उरलाय फक्त एक दगडी दरवाजा. तेव्हा ‘जुनं गाव’ म्हणजे कोणाचं जुनं ते आधी ठरवा.

उणे चाळीस
नदीकाठ, हे मान्य. लिहायला हवं होतं मी. पण म्हणून 1912 ची इमारत पाडल्याने किल्ला परत येणार आहे का?

नदीकाठ
पाडा असं मी म्हटलंच नाही, नीट वाचा. पोर्टेज-मेनचा चौकच घ्या. 1862 ला मॅकेनी नावाच्या व्यापाऱ्याने तिथे दुकान टाकलं तेव्हा लोक हसले होते, नदीपासून एवढ्या लांब चिखलात कोण येणार म्हणून. पुढे तोच गावाचा नाक-चौक झाला. आणि 1979 ला माणसांनाच तिथे बंदी! कोपऱ्यावरच्या बिल्डरशी करार केला आणि काँक्रीटच्या भिंती घालून पायी माणसाला जमिनीखाली ढकललं.

ठेचा-भाकर
आला, पोर्टेज-मेन आला! अहो चौक पायी माणसांना उघडायचा का यावर 2018 ला मतदान झालं, 65 टक्के लोक नको म्हणाले. तरी जून 2025 ला उघडलाच. मग मत कशाला विचारलं?

रिमा मावशी
कारण खालच्या भुयाराचं छत गळतंय! वॉटरप्रूफिंगला 7 कोटींहून जास्त डॉलर आणि वर अनेक वर्षं रस्ता खोदलेला, त्यापेक्षा वरून चालू द्या म्हणाले. प्रेमाने नाही उघडलेला, हिशोबाने उघडलाय.

ठेचा-भाकर
आणि आमचा हिशोब? मी रोज गाडीने जातो तिथून, आता उजवीकडे वळायला दोन-दोन सिग्नल थांबतो, समोरून चार माणसं सेल्फी काढत रस्ता ओलांडतात.

रिमा मावशी
थांब की मग. तुला लेगिंग्ज, बूट, टोपी घालून त्या गोल भुयारात फिरावं लागलेलं नाही. माझ्या सासूबाई 1985 ला आल्या होत्या, बँकेच्या कोपऱ्याला उतरल्या, गोल फिरून वर आल्या तर पुन्हा त्याच बँकेसमोर. तीनदा. शेवटी तिथल्या खुर्चीवर बसून रामरक्षा म्हणायला लागल्या, एका पोलिसाने हात धरून बाहेर काढलं. मरेपर्यंत ‘तुमच्या गावात रस्ता क्रॉस करता येत नाही’ म्हणून सगळ्यांना सांगायच्या. आमची अब्रू गेली ती गेलीच.

निवांत_नाशिककर
मावशी 😂 पण उणे 30 मध्ये त्या वाऱ्याच्या चौकात वरून कोण जाणार? भुयार गरम तरी आहे.

नदीकाठ
ज्याला जायचंय तो जाईल, ज्याला भुयार हवं तो खाली. चाळीस-पन्नास वर्षं एकच पर्याय होता तेव्हा कोणी तक्रार केली नाही, आता गाडीवाल्याला एक सिग्नल जास्त लागला की लोकशाही आठवते.

ठेचा-भाकर
‘गाडीवाला’ ही शिवी आहे का आता? मला मुलाला हॉकीला न्यायचं असतं, बसने त्याची किट घेऊन जाऊन दाखव एकदा. उगाच शहाणपणा शिकवू नको.

उणे चाळीस
चौक सोडा हो! धागा गोदामांचा आहे. 1919 चा संप विसरलात? तीस हजार कामगार सहा आठवडे रस्त्यावर, 21 जूनला सिटी हॉलसमोर ट्राम उलथायचा प्रयत्न झाला, घोडेस्वार पोलीस आले, दोन माणसं जिवानिशी गेली. आता तिथे मेन स्ट्रीटवर कललेल्या ट्रामचं शिल्प आहे, स्टील आणि काचेचं. रात्री आतून दिवा लागतो, बर्फात खरंच आत्ता कलंडेल असं वाटतं.

रिमा मावशी
आणि ज्या सिटी हॉलसमोर हे झालं तो 1962 ला पाडला. माझा मुद्दा तोच.

ठेचा-भाकर
बरं बाई, ट्राम छान आहे. त्या शिल्पाला आतून दव येत नाही एवढं नशीब.

निवांत_नाशिककर
हे मला खरंच माहीत नव्हतं. मी तिथूनच आईला घेऊन गेलो होतो, मला वाटलं मोडकं बसस्टॉप आहे.

उणे चाळीस
शनिवारी ये, मी दाखवतो. भिंतींवर जुन्या रंगवलेल्या जाहिराती आहेत, पाऊस पडून गेला की पुसट अक्षरं जास्त स्पष्ट दिसतात. आईंना आण, युनियन बँक टॉवरमध्ये आता कॉलेजची मुलं स्वयंपाक शिकतात, तिथे बसू.

निवांत_नाशिककर
येतो. उणे 20 च्या खाली गेलं तर नाही. आणि तो चौक आम्ही खालूनच ओलांडणार, रामरक्षा पाठ आहे.