मदत हवी आहे: सिलिकोसिसचा विषय सभागृहात मांडून घ्यायचा आहे, प्रस्तावाचा नमुना मिळेल का?

रामबागकर, इंदूर
नमस्कार मंडळी. आमचा एक लहानसा गट सिलिकोसिस (दगडाची बारीक धूळ छातीत जाऊन होणारा फुप्फुसाचा आजार) झालेल्या मजुरांच्या कुटुंबांसाठी काम करतो. हे लोक उपचारासाठी इंदूरला येतात, बहुतेक वेळा क्षयाच्या गोळ्या घेऊन गावी परततात आणि वर्ष-दोन वर्षांत घरातला कमावता माणूस जातो. अर्ज, निवेदने, मंगळवारची जनसुनवाई, सर्व करून झाले आहे. आता एक लोकप्रतिनिधी हा विषय सभागृहात मांडायला तयार आहेत आणि त्यांच्या स्वीय सहायकांनी मसुदा आमच्याकडूनच मागितला आहे. अधिवेशन तोंडावर आले आहे. आरोग्य, नुकसानभरपाई आणि मानवाधिकार हे तिन्ही मुद्दे एकाच प्रस्तावात यावेत अशी आमची इच्छा आहे. ज्यांच्याकडे नमुना असेल त्यांनी कृपया लगेच द्यावा.

लष्करवासी, ग्वाल्हेर
नमुना देता येईल, परंतु आपण सभागृह कोणते ते लिहिलेले नाही. लोकप्रतिनिधी आमदार आहेत की खासदार? खासदार असतील तर लोकसभेचे की राज्यसभेचे? नोकरीच्या निमित्ताने माझा या कामकाजाशी बराच संबंध आला, म्हणून सांगतो की ‘प्रस्ताव’ या एका शब्दाखाली लोक किमान सहा वेगवेगळ्या गोष्टी समजतात आणि प्रत्येकीचा नियम, मुदत व शब्दमर्यादा निराळी असते. माझ्या मते आपल्यासाठी याचिका, म्हणजे लोकांनी स्वतःच्या सह्यांनी सभागृहाकडे केलेला अर्ज, हाच उत्तम मार्ग आहे. लोकसभेच्या याचिकेवर एका सदस्याची प्रतिस्वाक्षरी लागते, प्रत्येक अर्जदाराचे पूर्ण नाव व पत्ता लागतो आणि ज्याला लिहिता येत नाही त्याचा अंगठा चालतो. आपल्या मजुरांचा आवाज त्यांच्याच नावाने सभागृहापर्यंत पोहोचवणारे दुसरे साधन नाही.

मांडवीकर, बडोदे
हे मजूर काम कुठे करत होते, हे आधी सांगावे. झाबुआ, अलीराजपूर आणि धार इथले आदिवासी मजूर आमच्या बाजूला गोध्रा आणि बालासिनोरच्या क्वार्ट्झ दळणाऱ्या कारखान्यांत येत असत, हे मला माहीत आहे. तसे असेल तर आजारी माणूस एका राज्यातला आणि कारखाना दुसऱ्या राज्यातला, असा हा पेच आहे. मध्यप्रदेश विधानसभेत ध्यानाकर्षण (मंत्र्यांचे लक्ष वेधणारी सूचना) लावले तर तिथले मंत्री गुजरातच्या कारखान्याबद्दल काय उत्तर देणार?

रामबागकर, इंदूर
मजूर अलीराजपूर आणि झाबुआचे आहेत, काम गोध्र्यालाच केले. लोकप्रतिनिधी लोकसभेचे सदस्य आहेत. याचिकेला फार वेळ लागेल असे आम्हाला वाटते. आम्हाला चर्चा हवी आहे.

वाचनालयाचा सभासद, इंदूर
आपल्या प्रयत्नामागे मोठी परंपरा आहे, हे या निमित्ताने नोंदवावेसे वाटते. नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी २५ फेब्रुवारी १९१० रोजी केंद्रीय कायदे मंडळात दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ वसाहतीला जाणाऱ्या करारबद्ध मजुरांची भरती थांबवण्याचा ठराव मांडला, सरकारने तो स्वीकारला आणि १ जुलै १९११ पासून नाताळसाठीची भरती बंद झाली. परंतु सर्वच वसाहतींसाठी ही पद्धत बंद करावी, असा त्यांचाच १९१२ चा ठराव सरकारी मतांच्या जोरावर फेटाळला गेला. मजूर कोठून जातो, कोठे राबतो आणि त्याच्या जिवाची जबाबदारी कोणाची, हा तेव्हाचाही प्रश्न होता. आपल्या सदस्यांनी भाषणात याचा उल्लेख जरूर करावा.

लष्करवासी, ग्वाल्हेर
उल्लेख योग्य आहे, परंतु त्याच काळातले दुसरे उदाहरणही सांगावे लागेल. सीताराम केशव बोले यांनी ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे मंडळात सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव मंजूर करून घेतला. महाडच्या नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये त्याला अनुसरून स्वतःचा ठराव केला, आणि तरीही चवदार तळ्याचे पाणी पिण्यासाठी मार्च १९२७ मध्ये डॉ. आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला. ठराव मंजूर झाला म्हणजे अंमलबजावणी झाली, असे रामबागकरांनी मजुरांना सांगू नये, एवढीच विनंती आहे.

पीथमपूरचा शेजारी
भोपाळच्या युनियन कार्बाइडचा ३३७ टन विषारी कचरा जानेवारी २०२५ मध्ये इंदूरजवळच्या पीथमपूरला आणला आणि पुढच्या काही महिन्यांत जाळण्यात आला. इंदूरच्या लोकप्रतिनिधींनी आधी त्यावर बोलावे. आमच्या विहिरींच्या पाण्याचे काय?

मांडवीकर, बडोदे
तो विषय महत्त्वाचा आहे, त्यासाठी स्वतंत्र धागा काढावा. इथे सिलिकोसिसवरच बोलू या.

रामबागकर, तुम्ही अजून मुख्य गोष्ट सांगितलेली नाही. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने २०१० मध्ये याच मजुरांच्या प्रकरणी गुजरातने २३८ मृतांच्या वारसांना प्रत्येकी ३ लाख रुपये द्यावेत आणि मध्यप्रदेशाने ३०४ जिवंत रुग्णांचे पुनर्वसन करावे अशी शिफारस केली होती. पुढे ४ मे २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गुजरातला ती रक्कम देण्याचा आदेश दिला. तुमची कुटुंबे त्या यादीतली आहेत की यादीबाहेरची? यादीतली असतील तर प्रश्न आदेशाच्या अंमलबजावणीचा आहे आणि त्यासाठी न्यायालयात जावे लागेल. यादीबाहेरची असतील तर विषय धोरणाचा होतो आणि तो संसदेत नेता येतो.

रामबागकर, इंदूर
दोन्ही प्रकारची आहेत, परंतु आमच्याकडे येणारी बहुतेक यादीबाहेरची आहेत. ती यादी झाली तेव्हा यांचा आजार उघडकीला आलेलाच नव्हता. धूळ छातीत गेल्यावर लक्षणे दिसायला कित्येकदा वर्षे जातात, आणि तोपर्यंत मजुराने तो कारखाना सोडलेला असतो. हजेरीपत्रक नाही, पगाराची चिठ्ठी नाही, ठेकेदाराचे पूर्ण नावही ठाऊक नसते. एका बाईंच्या नवऱ्याला आणि दिराला एकाच वर्षी हा आजार निघाला. नवऱ्याच्या कागदावर क्षय लिहिले आहे आणि दिराच्या कागदावर सिलिकोसिस. दोघे एकाच यंत्रावर गोण्या भरत होते. या बाईंना मी काय सांगू?

छातीविभागातली परिचारिका, इंदूर
दादा, त्या बाईंना दोन्ही क्ष-किरण चित्रे आणि सर्व जुने कागद सांभाळून ठेवायला सांगा आणि दिराच्या प्रमाणपत्राच्या चार प्रती काढून ठेवा. सिलिकोसिस झालेल्याला क्षय होण्याचा धोका मुळातच जास्त असतो, त्यामुळे दोन्ही निदाने एकाच वेळी खरी असू शकतात, आणि क्षयाचे औषध थांबवणे तर फार धोक्याचे आहे. परंतु कामाचा इतिहास विचारला नाही तर कागदावर फक्त क्षय राहतो. आमच्याकडे येणाऱ्या रुग्णाला ‘काय काम करत होतास’ हा प्रश्न पहिल्या भेटीतच विचारला जावा, अशी सूचना सभागृहातून सर्व छातीरोग विभागांना गेली तर माझ्या मते भरपाईइतकाच तिचा उपयोग होईल. सिलिकोसिस बरा करणारे औषध नाही. धूळ थांबवणे आणि लवकर ओळखणे एवढेच आपल्या हातात आहे.

आणखी एक कळकळीची विनंती आहे की कृपया रुग्णांची नावे किंवा चित्रे या धाग्यावर टाकू नयेत.

मूळचा इंदूरचा, सध्या लेस्टर
इथल्या, म्हणजे ब्रिटनच्या, पार्लमेंटमध्ये ‘अर्ली डे मोशन’ नावाची पद्धत आहे, ती आपल्याकडे का नाही असा प्रश्न मला पडतो. सदस्य २५० शब्दांच्या आत एका वाक्याचा प्रस्ताव दाखल करतो आणि इतर पक्षांचे सदस्यही त्याखाली सह्या करतात. दुर्मीळ आजार, कैद्यांची स्थिती, परदेशातले मानवाधिकार असे किती तरी विषय त्यामुळे नोंदीवर येतात. १९७९ मध्ये थॅचरबाईंनी दाखल केलेला अविश्वासाचा प्रस्ताव याच रूपात होता आणि ३११ विरुद्ध ३१० मतांनी सरकार पडले.

लष्करवासी, ग्वाल्हेर
थॅचरबाई विरोधी पक्षनेत्या होत्या, म्हणून त्या प्रस्तावाला दिवस मिळाला. बाकीच्या जवळपास सर्व प्रस्तावांवर तिथे चर्चा होतच नाही, ही बाजूही सांगायला हवी. आपल्या लोकसभेतही नियम १८९ प्रमाणे अध्यक्षांनी प्रस्ताव स्वीकारला पण चर्चेची तारीख ठरली नाही, तर तो ‘दिवस न ठरलेला प्रस्ताव’ म्हणून बुलेटिनमध्ये छापला जातो. मात्र तेथे सह्या गोळा करून दबाव वाढवण्याची रीत रुजलेली नाही. रामबागकरांना त्याचा उपयोग नाही.

मी पुन्हा याचिकेवर येतो.

मांडवीकर, बडोदे
आणि मी पुन्हा विरोध करतो. याचिकेला शपथपत्रे, पत्रे, कागदपत्रे जोडता येत नाहीत, हा लोकसभेचाच नियम आहे. या प्रकरणात सर्व बळ कागदपत्रांत आहे. माझे मत असे आहे की आधी अतारांकित, म्हणजे फक्त लेखी उत्तर मिळणारा, प्रश्न विचारावा. किमान १५ दिवसांची पूर्वसूचना लागते. दररोज २० तारांकित (तोंडी उत्तराचे) आणि २३० अतारांकित प्रश्न लागतात, म्हणजे अतारांकिताची संधी कितीतरी जास्त. लेखी उत्तर पटलावर येते आणि मंत्रालयाला आकडा द्यावा लागतो किंवा आकडा नाही हे तरी मान्य करावे लागते. त्या उत्तराच्या आधारावर पुढे शुक्रवारचा अशासकीय संकल्प, म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्याचा ठराव, मांडता येईल.

रामबागकर, इंदूर
प्रश्न विचारून काय होणार? ‘माहिती गोळा करण्यात येत आहे’ असे उत्तर येईल आणि विषय संपेल. आमच्याकडे वेळ नाही.

लष्करवासी, ग्वाल्हेर
त्या उत्तराने विषय संपत नाही. मंत्र्यांनी ‘माहिती गोळा करून पटलावर ठेवू’ असे म्हटले की ते आश्वासन ठरते, ते शासकीय आश्वासन समितीकडे जाते आणि साधारण तीन महिन्यांत ते पूर्ण करावे अशी अपेक्षा असते. मुदतवाढ मागितली जाते, हे खरे, परंतु दर वेळी कारण द्यावे लागते. प्रश्नाच्या बाबतीत मांडवीकरांशी मी सहमत आहे. मात्र शुक्रवारच्या संकल्पाची आशा धरू नये. शुक्रवारच्या बैठकीचे शेवटचे अडीच तास अशासकीय कामकाजाला असतात, एका आठवड्यात विधेयके तर पुढच्या आठवड्यात संकल्प, त्यातही सोडतीत नाव यावे लागते, आणि आधीच्या संकल्पावरची चर्चा लांबली तर आपला संकल्प राहून जातो.

त्यापेक्षा लोकसभेचा नियम ३७७ घ्यावा, त्याखाली सदस्य एखादा विषय सभागृहाच्या नजरेस आणतो. मजकूर २५० शब्दांपर्यंत, विषय एकच आणि केंद्र सरकारच्या जबाबदारीचा. त्यावर चर्चा होत नाही, परंतु संबंधित मंत्रालयाकडून सदस्याला लेखी उत्तर येते. तिन्ही मुद्दे एकत्र घालण्याचा आग्रह सोडावा लागेल. राज्यघटनेत सार्वजनिक आरोग्य राज्यसूचीत (राज्यांचे विषय) आहे, कामगारांचे कल्याण समवर्ती सूचीत (दोघांचे विषय) आहे आणि आंतरराज्य स्थलांतर संघसूचीत (केंद्राचे विषय) आहे. आरोग्यापासून सुरुवात केली तर ‘हा राज्याचा विषय आहे’ एवढ्या एका ओळीत उत्तर संपेल. स्थलांतरापासून सुरुवात केली तर तसे म्हणता येणार नाही.

रामबागकर, इंदूर
मग मानवाधिकाराचा मुद्दा गाळायचा का? आमच्या दृष्टीने तोच सर्वांत महत्त्वाचा आहे.

मांडवीकर, बडोदे
गाळू नये. आयोगाने सिलिकोसिसवर संसदेसाठी विशेष अहवाल दिलेला आहे, आणि मानवाधिकार संरक्षण कायदा, १९९३ च्या कलम २० प्रमाणे असा अहवाल कार्यवाहीच्या निवेदनासह दोन्ही सभागृहांसमोर ठेवावा लागतो. त्या अहवालातल्या शिफारशींचे पुढे काय झाले, हे विचारा. मानवाधिकार हा शब्द न वापरताही मानवाधिकाराचाच प्रश्न विचारला जाईल. नव्या रुग्णांसाठी थेट आयोगाकडे जायचे असेल तर घटनेपासून एक वर्षाची मर्यादा कलम ३६ मध्ये आहे, ती विसरू नका.

शिवाय कारखाने कायदा, १९४८ च्या तिसऱ्या अनुसूचीत सिलिकोसिस हा कळवण्याजोगा आजार होता आणि त्या कायद्याच्या जागी आलेल्या कामगारांच्या सुरक्षा व आरोग्याविषयीच्या २०२० च्या संहितेतही तो आहे. म्हणजे डॉक्टरांना असा रुग्ण आढळला की कळवणे बंधनकारक आहे. अलीराजपूरच्या डॉक्टरांनी गोध्र्याच्या कारखान्याविषयी कोणाला कळवायचे आणि कळवल्यावर दुसऱ्या राज्याचा निरीक्षक तिथे जातो का, हे विचारायलाच हवे.

वाचनालयाचा सभासद, इंदूर
राजस्थानने २०१९ मध्ये या आजारासाठी स्वतंत्र धोरण केले, प्रमाणपत्र मिळाल्यावर रुग्णाला ३ लाख आणि मृत्यूनंतर वारसांना २ लाख रुपये. मध्यप्रदेश विधानसभेतही अशासकीय संकल्प आणून तसेच धोरण मागता येईल. झाबुआ-अलीराजपूरच्या आमदारांनी ते एकत्र मागितले तर अधिक परिणाम होईल.

लष्करवासी, ग्वाल्हेर
ही सूचना मला सर्वांत जास्त पटली. रामबागकर, लोकसभेसाठी नियम ३७७ चा कच्चा मजकूर असा घ्यावा आणि सदस्यांच्या कार्यालयाकडून तपासून घ्यावा:

‘मध्यप्रदेशातील झाबुआ व अलीराजपूर जिल्ह्यांतील अनेक आदिवासी मजूर गुजरातमधील क्वार्ट्झ दळणाच्या कारखान्यांत काम करून सिलिकोसिसने ग्रस्त झाले आहेत. २०१६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशात समाविष्ट नसलेल्या आणि नंतर निदान झालेल्या रुग्णांची कोणतीही आंतरराज्य नोंद ठेवली जात नसल्याने त्यांना भरपाई व पुनर्वसन मिळत नाही. सबब केंद्र सरकारने संबंधित राज्यांशी विचारविनिमय करून अशा मजुरांची समाईक नोंदवही सुरू करावी, एका राज्यात दिलेले निदानाचे प्रमाणपत्र दुसऱ्या राज्यात ग्राह्य धरावे आणि राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाच्या शिफारशींवरील कार्यवाहीची स्थिती सभागृहास कळवावी.’

नोंद ठेवली जात नाही हे विधान आपण दोन्ही राज्यांच्या कामगार विभागांकडून माहिती अधिकारात तपासून घ्या. ते चुकीचे निघाले तर मंत्रालय केवळ त्या एका वाक्याचे खंडन करून मोकळे होईल.

रामबागकर, इंदूर
हेच हवे होते, मनःपूर्वक आभार. माहिती अधिकाराचा अर्ज उद्याच मध्यप्रदेशासाठी देतो. गुजरातसाठी अर्ज कोणाच्या नावे करावा? आणि वेगवेगळ्या मुद्द्यांसाठी वेगळे अतारांकित प्रश्न एकाच सदस्याने द्यावेत की दोन सदस्यांमध्ये वाटून द्यावेत?

मांडवीकर, बडोदे
वाटून द्या. कामगार मंत्रालयाचा प्रश्न तुमच्या सदस्यांनी द्यावा आणि आरोग्य मंत्रालयाचा, परिचारिकाताईंनी सांगितलेल्या कामाच्या इतिहासाच्या मुद्द्यावरचा, मध्यप्रदेशातून राज्यसभेवर गेलेल्या एखाद्या सदस्यांना द्यावा. गुजरातचा अर्ज कारखान्यांच्या आरोग्य व सुरक्षेचे काम पाहणाऱ्या राज्य संचालनालयाच्या जनमाहिती अधिकाऱ्यांकडे जाईल, तो मी इथून टाकतो. कारखान्यांची नावे मजुरांना जशी आठवतात तशी, अगदी ‘टेकडीजवळचा’ किंवा ‘निळ्या दरवाजाचा’ अशी असली तरी, मला निरोपातून कळवा.