मॉरिशस: झाडं दाखवणारा गाइड हवाय (तातडीचं)

निवांत_पुणेकर:
पुढच्या आठवड्यात मॉरिशसला निघतोय. टूरवाल्याने बोटी, पॅरासेलिंग, शॉपिंग सगळं कोंबलंय, मधला एकच दिवस मोकळा. बाबांना तिथली झाडं बघायची आहेत. 'नेचर टूर' शोधलं की झिपलाइनच येते. नीट सांगणारा गाइड कुठे मिळेल? उद्या पैसे भरायचेत, पटकन सांगा.

कढीपत्ता:
मुक्काम कुठे? बाबांचं वय? किती चालतात?

माडवाली:
डोळे मिटून पांपलमूस बाग. गाइड दारातच मिळतात, वेगळे पैसे पडतात. व्हिक्टोरिया कमळाची पानं दीड मीटरपर्यंत, कडा परातीसारख्या वर वळलेल्या. फूल पहिल्या रात्री पांढरं, दुसऱ्या रात्री गुलाबी. आणि तिथला तालीपॉट ताड आयुष्यात एकदाच फुलतो, कित्येक दशकांनी, आणि मग मरतो. आम्ही गेलो तेव्हा एक फुललेला होता, मी तर बघतच राहिले.

रानभूल:
ताई, कमळ ॲमेझॉनचं, ताड आपल्याकडचा नि श्रीलंकेचा. त्यांनी 'तिथली' झाडं विचारलीत. इल ओ एग्रेटला जा. माहेबूरजवळ, किनाऱ्यापासून जेमतेम ८०० मीटर, २६ हेक्टरचं प्रवाळ बेट. मॉरिशियन वाइल्डलाइफ फाउंडेशन सांभाळतं, गाइडशिवाय फिरता येत नाही. किनारी आबनूसाचं जंगल तिथेच उरलंय, बाकीचं डच काळापासून तोडलं गेलं. आबनूस म्हणजे आपल्या टेंभुर्णीचा भाऊबंद.

माडवाली:
मग बाग बघूच नये का माणसाने?

चकटफू:
डोडोचं झाड बघा! डोडोने फळ खाल्लं तरच बी रुजायचं, डोडो गेला आणि झाडही संपत आलं.

रानभूल:
१९७७ साली मांडलेली गोष्ट आहे ती. नंतर डोडो संपल्यावर रुजलेली झाडंही सापडली. खरी अडचण चिनी पेरूची, आपल्याकडे घाणेरी माजते तसा तो तिथल्या रानात माजलाय.

भटकंती७:
एवढा खर्च कशाला? अंदमानला जा. पासपोर्टही लागत नाही.

निवांत_पुणेकर:
तिकिटं झालीत हो! मुक्काम ग्रँड बे. बाबा ७४, एक गुडघा बदललाय. आणि हो, बॉटनी शिकवायचे, सांगायचं राहिलं.

कढीपत्ता:
हे आधी सांगायचं ना! ग्रँड बे उत्तरेला, माहेबूर आग्नेयेला, म्हणजे जवळजवळ अख्खं बेट ओलांडायचं. पांपलमूस तुमच्या जवळ. पण बॉटनीच्या माणसाला दारातला गाइड फळांची नावं सांगणार, आणि तेच गाइडला शिकवणार.

रानभूल:
म्हणून एग्रेट. वाट सपाट आहे, पण होडीत चढउतार आहे, तेव्हा बुकिंग करतानाच गुडघ्याचं सांगा. जागा मोजक्या असतात, आजच मेल टाका. आणि बाबांना बजावून ठेवा, तिथून एक पानही उचलायचं नाही.

निवांत_पुणेकर:
मेल टाकला. बाबा म्हणताहेत पान नको, खाली पडलेलं बी चालेल का?

रानभूल:
नाही!!

चकटफू:
तिथे मराठी लोक पिढ्यान्‌पिढ्या आहेत, गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते. कोणी सांगितलं का ते?